अवेळी भरलेली टाकी

संग्राम देसायांनी ती गाडी घेतली तेव्हा घरात माणसं दोन होती आणि गाडीत जागा आठ. पांढरीशुभ्र, छातीपर्यंत येणाऱ्या बॉनेटची, नव्वद लिटरच्या टाकीची. चाकांखाली लिंबं ठेवून, नारळ फोडून, पेढे वाटून ती दारात उभी राहिली. तिला ७७०७ हा नंबर मिळावा म्हणून देसायांनी कोल्हापूरला चार खेपा घातल्या होत्या. आजऱ्यापासून दहा किलोमीटरवर, आंबोलीच्या रस्त्याला त्यांचं गाव. त्या पट्ट्यात गाडी लांबून दिसली तरी लोक नंबर न वाचता सांगायचे की देसाई आले.

गाडीच्या पूजेला पुण्याहून मेहुणी आली होती, केतकी सरनोबत. ही इंधन वेधशाळेत नोकरीला. हवामानाची वेधशाळा पाऊस कुठे पडेल ते सांगते, तशी ही पेट्रोल कुठे संपेल ते सांगते. फरक एवढाच की पावसाचा अंदाज लोकांना कळवायचा असतो आणि हिचा लोकांपासून लपवायचा. गाडी बघून केतकीला राहवलं नाही. जेवता जेवता तिनं विषय काढलाच. ही गाडी लिटरला आठ किलोमीटर जाणार, छोटी गाडी त्याच लिटरात वीस गेली असती. गेल्या पाच वर्षांत देशात दर दहांतल्या सहा गाड्या अशाच धिप्पाड घेतल्या गेल्या. विजेच्या गाड्याही लोकांनी घेतल्या, पण गावातल्या गावात फिरायला, दुसरी म्हणून. मानाची पहिली गाडी पेट्रोलचीच राहिली. या दहांतल्या दोघांनी जरी छोटी गाडी निवडली असती, तर तेलाची जहाजं आठवडाभर उशिरा आली तरी कुणाला पत्ता लागला नसता.

दाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि तिच्या ताटात आणखी एक पेढा ठेवला.

"केतकी, देशाचं तेल माझ्या एका गाडीनं संपतंय व्हय गं?"

पंगतीतले सगळे हसले. केतकीही हसली, कारण दाजींवर रागावता येत नसे.

याला तीन वर्षं झाली. मधल्या काळात दाजींच्या मूत्रपिंडांनी साथ सोडली. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला कोल्हापूरला न्यावं लागे. जवळच्या केंद्रात यादी लांबलचक होती, त्यामुळे जाऊन-येऊन एकशे नव्वद किलोमीटर, चोवीस लिटर पेट्रोल. त्यांची बायको, केतकीची अर्चनाताई, स्वतः गाडी चालवायला शिकली. खेप चुकली तर काय होतं ते तिनं एकदाच पाहिलं होतं. रस्ता खचल्यामुळे एक गुरुवार बुडाला, आणि शुक्रवारी दाजींच्या छातीत पाणी भरून ते माशासारखे तोंड उघडून श्वास घेत होते. सलग दोन खेपा चुकल्या तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

त्या रविवारी केतकीला कामावर बोलावणं आलं ते एवढ्याचसाठी, की अरबी समुद्रातल्या वादळामुळे तेलाची चार जहाजं अडकली होती.

वेधशाळेचं शास्त्र तसं सोपं आहे. देशातलं पेट्रोल कुठल्याही क्षणी तीन ठिकाणी असतं: डेपोंच्या मोठ्या टाक्यांत, पंपांखाली पुरलेल्या टाक्यांत आणि गाड्यांच्या पोटात. पहिल्या दोन्हींची मोजदाद आधीपासून होती. तिसऱ्या साठ्याकडे कुणी साठा म्हणून बघितलंच नव्हतं, कारण तो कोट्यवधी तुकड्यांत रस्त्यांवर फिरत असतो. एरवी गाड्यांच्या टाक्या सरासरी तिसरा हिस्साच भरलेल्या असतात. पण उद्या मिळणार नाही असं मनात आलं की माणूस टाकी गच्च भरतो, आणि रोज थोडं थोडं घालून ती गच्चच ठेवतो. गाड्या तेवढ्याच, धावणं तेवढंच, एक थेंबही जास्त जळत नाही. तरी देशाचं दहा दिवसांचं पेट्रोल दोन दिवसांत पंपांखालून उठून गाड्यांत जाऊन बसतं आणि पंप कोरडे पडतात. टाकी जेवढी मोठी, तेवढा हा घास मोठा.

टाकीतली पातळी मोजणाऱ्या फ्लोटवर चिप बसवणं सक्तीचं झालं आणि हा तिसरा साठा वेधशाळेला दिसायला लागला. केतकीचं काम सवयींचं होतं. प्रत्येक गाडीला सवय असते. कुणी सोमवारी भरतो, कुणी काटा लाल झाल्याशिवाय पंपाकडे वळत नाही. सवय मोडून अवेळी भरलेली गाडी नकाशावर लाल ठिपका होऊन उमटायची. केतकीनं असं शोधून काढलं होतं की हे अवेळी भरणं साथीच्या रोगासारखं पसरतं. छोट्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या गाडीमागे सरासरी एखादीच गाडी अवेळी भरते. मोठ्या, चारचौघांच्या ओळखीच्या गाडीमागे सहा-सात. म्हणजे मोठी गाडी पेट्रोल जास्त पिते ते वेगळंच, तिच्याकडे बघून धास्तावणारेही जास्त. या शोधाबद्दल तिचं बरंच कौतुक झालं होतं. शोध कागदावर होता तोवर तिला स्वतःलाही तो फार आवडायचा.

वेधशाळेचे प्रमुख डॉ. इनामदार यांनी रविवारी सगळ्यांना एकच गोष्ट बजावली. जहाजं पुढच्या सोमवारी लागतील. तोवर लोक आपापल्या सवयीनं पेट्रोल भरत राहिले तर कुणाचंच अडणार नाही. पण आठांतल्या एका गाडीनं जरी सवय मोडली, तर बुधवारपर्यंत निम्मा महाराष्ट्र कोरडा पडेल. तेव्हा ही बातमी या भिंतींच्या बाहेर जाता कामा नये, अगदी बायकोपर्यंत नाही की नवऱ्यापर्यंत नाही.

वेधशाळेचा आणखी एक नियम होता: नात्यातल्या माणसांच्या गाड्या बघायच्या नाहीत. केतकीनं तो आजवर पाळला होता. त्या दुपारी सगळे चहाला गेले तेव्हा तिनं ७७०७ टाकून बघितलं. बावीस लिटर. मंगळवारी कोल्हापूरला पोचेपर्यंत दहा उरणार. दाजी दर मंगळवारी डायलिसिस झाल्यावर कोल्हापुरात टाकी भरत, तशी याही मंगळवारी भरतील. आणि तिथे नाही मिळालं तर? दहा लिटरात ही गाडी घरीही परतणार नाही, मग गुरुवारचं काय? अंदाज तिचाच होता, मिळेल असं तो सांगत होता, तरी तिचा त्याच्यावर विश्वास बसेना. 

संध्याकाळी घरी जाऊन तिनं ताईला फोन केला.

"ताई, उद्या सकाळी टाकी फुल करून घ्या. आजऱ्यातच. आणि कुणाला बोलू नकोस."

ताईनं कारण विचारलं नाही. नुसतं "बरं" म्हणाली, आणि खरोखरच कुणाला बोलली नाही. दाजींना तेवढं सांगितलं, तेही पोटात ठेवायच्या अटीवर. दाजींनी ते पोटात ठेवलं. सांगणाऱ्यानं सांगितलं, ऐकणाऱ्यांनी शब्द पाळला, आणि घोटाळा तरीही झाला.

सोमवारी सकाळी सातला ७७०७ आजऱ्याच्या पंपावर उभी राहिली. तिथल्या माणसानं विचारलं, आज सोमवारी कसं काय, तुम्ही तर कोल्हापुरात भरता. एरवी दाजींनी गाडीतून उतरून त्याच्या घरची चौकशी करून, पिकापाण्याचं बोलून त्याचा अर्धा तास खाल्ला असता. त्या दिवशी ते म्हणाले, "काही नाही, असंच," आणि काच वर केली. संग्राम देसाई असे गप्प कधी कुणी बघितले नव्हते. त्यांची मेहुणी पुण्याला पेट्रोलच्या हापिसात मोठ्या हुद्द्यावर आहे हे तर आजऱ्यात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, कारण दाजींनीच ते प्रत्येक पेढ्यासोबत सांगितलं होतं. गाडी गेली आणि पंपावरच्या माणसानं आधी स्वतःची मोटारसायकल भरून घेतली.

नऊ वाजता केतकीच्या नकाशावर आजऱ्यात सात ठिपके होते. साडेदहाला एक्कावन्न. कुठल्याही अंदाजात नसलेल्या त्या कोपऱ्यात हे काय चाललंय म्हणून सगळे तिच्या टेबलाभोवती जमा झाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तिला त्या दिवशी कळलं. कुणी नुसतं "आजरा" म्हटलं तरी ती घाईनं नकाशावर दुसरा जिल्हा उघडत होती. दुपारी गडहिंग्लज लाल झालं, संध्याकाळी निपाणी. मंगळवारी कोल्हापूर. ताई-दाजी त्या दिवशी डायलिसिस करून नीट परतले, कारण टाकी भरलेली होती. येताना रस्त्यावरचे पंप बघून ताईनं फोन केला आणि म्हणाली की किती बरं झालं गं तू सांगितलंस. 

बुधवारी सकाळी इनामदारांनी साथ जिथून सुरू झाली ती पहिली गाडी शोधायला सांगितली. शोधायचं काही नव्हतं. "सर, ती गाडी माझ्या दाजींची आहे," ती म्हणाली, "आणि फोन मी केला होता."

 इनामदारांनी सांगितलं की चौकशी होईल, नोकरी राहील असं ते धरून चाललेले नाहीत. पण हा नकाशा तिच्याइतका कुणाला वाचता येत नाही, म्हणून जहाजं लागेपर्यंत तिनं खुर्ची सोडायची नाही. आणि आता लपवण्यासारखं काही उरलं नसल्यामुळे ती गाडीही तिनंच बघायची. दुपारी तिनं एक खेळ करून बघितला, जो करायला नको होता. सोमवारच्या नकाशातून एकटी ७७०७ काढून टाकली आणि यंत्राला पुढचे दिवस पुन्हा मांडायला लावले. आजरा हिरवा राहिला. कोल्हापूर हिरवं राहिलं. मंगळवारी दाजींना कोल्हापुरात नेहमीच्या पंपावर, नेहमीच्या वेळेला टाकी भरून मिळाली. मग तिनं गाडी परत ठेवली, पण मोठीच्या जागी छोटी, कुणाच्या लक्षात न येणारी. ठिपके नवावर थांबले आणि विझून गेले.

गुरुवारी सकाळी साडेनऊला ताईचा फोन आला. टाकीत चौपन्न लिटर होते, दाजी गेटपाशी खुर्ची टाकून बसले होते, आणि डायलिसिस केंद्राला कुलूप होतं. यंत्रं होती, वीज होती, पाणी होतं, माणसं नव्हती. यंत्र चालवणारा इम्रान मुल्लाणी हुपरीहून मोटारसायकलनं यायचा, त्याची टाकी मंगळवारीच संपली होती. बाकीच्यांचंही तेच. गेटपाशी आणखी नऊ पेशंट बसले होते आणि त्यांतली एक बाई आताच धापा टाकत होती.

"गाडी भरलेली आहे गं," ताई सारखी म्हणत होती. "गाडी भरलेली असून काय करू मी आता?"

 उत्तर दाजींना सुचलं. त्यांनी ताईला हुपरीला पाठवलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीतल्या आठही जागा भरल्या: मुल्लाणी, दोन नर्स, वाटेत भेटलेले सफाईचे दोघे आणि आणखी दोन पेशंट. साडेअकराला यंत्रं सुरू झाली. केतकीच्या पडद्यावर पातळी अठ्ठेचाळीसवर आली होती.

पण उद्याचं काय, असं मुल्लाणीनं विचारलं. उद्या दुसरे पेशंट, परवा पुन्हा हेच. गाडी रोज हुपरीला जाऊ शकत नव्हती. दाजी सुई टोचलेला हात न हलवता ताईला म्हणाले की समोरच्या गॅरेजवाल्याला बोलाव.

दुपारी एकपासून केतकी पडद्यावर एक विचित्र गोष्ट बघत होती. गाडी जागची हलत नव्हती आणि पातळी उतरत होती. सेहेचाळीस. चव्वेचाळीस. बेचाळीस. दर वेळी दोन लिटर. गॅरेजवाल्याची नळी टाकीला लागली होती, आणि निरोप मिळून चालत, सायकलनं आलेली धरून केंद्रातली सतरा माणसं बाटल्या घेऊन रांगेत उभी होती. दोन लिटरात मोटारसायकल चार-पाच दिवस कामावर येऊ शकते, हे त्या धिप्पाड गाडीच्या टाकीशेजारी उभं राहून सगळ्यांना एकदमच दिसलं. चौतिसावर आल्यावर केतकीला वाटलं, आता थांबतील. चोविसावर तिनं फोन उचलला आणि परत ठेवला. पातळी चौदावर थांबली. घरी जायला बारा लागतात.

संध्याकाळी सहाला, घरी पोचल्यावर, दाजींचा फोन आला. डायलिसिसनंतर त्यांचा आवाज नेहमीच बारीक व्हायचा. त्यांनी इकडची-तिकडची दोन वाक्यं टाकली, मुल्लाणी चांगला माणूस आहे म्हणाले, आणि मग मुद्द्यावर आले.

"केतकी, खरं सांग. माझ्या एका गाडीनं संपलं का गं?"

तिला खेळातले ते नऊ ठिपके आठवले. हो म्हणणं खरं होतं आणि नाही म्हणणं सोपं होतं.

"एकट्या गाडीनं नाही, दाजी. आधी माझा फोन आला होता."

 "मग दोघांची मिळून वाटणी झाली म्हणायची," असं म्हणून त्यांनी फोन ताईकडे दिला.

ताईला वाटणीशी कर्तव्य नव्हतं. तिला शनिवारशी होतं. टाकीत दोन लिटर उरले होते, आजऱ्यापर्यंत जाता येईल एवढेच.

"आता तू सांग," ती म्हणाली. "मागल्या वेळी सांगितलंस तसं. कुठं मिळेल, कधी मिळेल? तुला दिसतंय की सगळं तिथं."

तिला दिसत होतंच. शुक्रवारी सकाळी अकराला आजऱ्याच्या पंपावर एक टँकर येणार होता, आणि जहाजं लागेपर्यंत त्या तालुक्याच्या नशिबी तेवढाच होता. डायलिसिसला जाणाऱ्या गाड्या आजरा तालुक्यात बारा होत्या, दाजींची धरून. रुग्णांसाठी पेट्रोल राखून ठेवायचा हुकूम अजून फायलीतच फिरत होता. केतकीनं दुपारीच दोन्ही मांडण्या करून ठेवल्या होत्या. ताईला आता अकराची वेळ सांगितली, तर ७७०७ दहालाच पंपावर उभी राहील. दाजींना पेट्रोल मिळण्याची शक्यता शंभरात अठ्ठ्याण्णव. पण ती गाडी तिथे दिसली की तासाभरात टँकर संपेल आणि बाकीच्या अकरांना मिळण्याची शक्यता वीसवर येईल. नाही सांगितलं, तर लोकांना टँकरचं हळूहळू कळेल, पेट्रोल संध्याकाळपर्यंत पुरेल. दाजी दर शुक्रवारी दुपारी तीनला सोसायटीच्या बैठकीला आजऱ्याला जातातच, पंप वाटेवर आहे. तेव्हा बाराही जणांना सारखीच शक्यता, शंभरात एकाहत्तर.

मागच्या वेळी यंत्रानं सांगितलं होतं की गप्प बस, सगळं नीट होईल. ते खरं होतं आणि तिनं ऐकलं नव्हतं. या वेळी ते तेच सांगत होतं, पण "नीट होईल" असं म्हणत नव्हतं.

"केतकी? आहेस ना?"

आई गेल्यावर हिला वाढवलं ते या ताईनं. शाळेतल्या चोऱ्या, मोडलेलं लग्न, सगळं केतकीनं आजवर आधी तिला सांगितलं होतं. 

"मला नाही माहीत, ताई," ती म्हणाली. "दाजींना उद्या बैठकीला जाऊ दे मात्र. घरी बसून त्यांना करमत नाही."

"बैठकीला? पेट्रोल कुठंय त्याला?"

"जाण्यापुरतं आहे. जाऊ दे त्यांना. नेहमीच्याच वेळेला."

 ताईला कळलं की नाही, हे केतकीला पुढे कधी विचारायचं धाडस झालं नाही. मग ती नेहमीसारखं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पडद्यावर देसायांच्या दारातला ठिपका हिरवा होता, दोन लिटरवर. शेजारच्या चौकटीत एकाहत्तरचा आकडा होता, आणि केतकी तो दिसतच नसल्यासारखी शंभरातल्या उरलेल्या एकोणतीसकडे बघत बसली.